तीव्र म्हणजे किती

त्या देशाचं नाव इथे लिहीत नाही.
भन्तेंची आई अजून तिथेच राहते.

रात्री पावणेबाराला बातमी आली:
चौदा देशांनी मिळून चिंता व्यक्त केली.
वर्धा रोडवरचा दुसरा मजला, मी एकटी,
कूलरच्या ताट्या यंदा कुणी बदलल्याच नाहीत,
वारा येतो तो शिळ्या पाण्याच्या वासाचा.

चिंतेला पायऱ्या असतात, हे मला नोकरीने शिकवलं.
आधी नुसतं लक्ष ठेवून असणं,
मग खेद, मग चिंता,
मग राजदूताला बोलावून चहा न देता बसवणं,
मग निषेध, मग तीव्र शब्दांत निषेध.
ते तीव्र शब्द कोणते,
हे अकरा वर्षांत एकाही बातमीत आलं नाही.

मी मथळा दिला: लष्करी राजवटीवर दबाव वाढला.
खाली: चौदा देशांना तीव्र चिंता.
मूळ शब्दाला 'गंभीर' जास्त जवळचा होता,
पण एका कॉलमात तो बसेना.
'तीव्र' दोन अक्षरांत मावला.
मग कोचिंग क्लासची अर्ध्या पानाची जाहिरात आली
आणि चौदा देश पान नऊवर गेले,
चार ओळींत.

सकाळी कमाल चौकात माझी स्कुटी पंक्चर,
आणि समोरून भन्ते नंदसार,
हातात पान नऊ, आठ घड्या घातलेलं.
पाली शिकायला आले त्याला सहा वर्षं झाली.
मराठी माझ्याकडून शिकले, 'ळ'सकट.
म्हणाले, ताई, तीव्र म्हणजे किती?

मी म्हटलं, कळ तीव्र असते, वास तीव्र असतो,
मे महिन्यातलं आपलं ऊन.
रश्श्याला मात्र तिखट म्हणायचं.
म्हणाले, आणि चिंता?

शमशादचा हवेचा काटा महिनाभर बंद आहे.
तो अंगठ्याने टायर दाबून सांगतो:
पस्तीस हाय, बिनधास्त जा न.
भन्ते त्याच्या अंगठ्याकडे
बराच वेळ बघत राहिले.

त्यांची बहीण शाळेत भूगोल शिकवायची.
नकाशा काढताना तिला उचललं
की नकाशा काढला म्हणून,
एवढंच तिकडच्या कोर्टात अजून ठरायचं आहे.
एकदा मी त्यांना झिरो माईलला नेलं होतं.
दगडावर गावं कोरलेली, पुढे अंतरं.
ते दगडाला पूर्ण फेरी मारून आले.
त्यांचं गाव असायचं काही कारणच नव्हतं,
तरी त्यांनी आणखी एक फेरी मारली.

सप्टेंबरात चिठ्ठी आली,
कुणाच्या तरी चपलेच्या तळातून,
तीन सीमा ओलांडून.
राजदूतांना एक दिवस तुरुंग दाखवला.
आदल्या रात्री भिंती रंगवल्या,
बायकांच्या बराकीत मच्छरदाण्या वाटल्या.
पाहुणे गेले तशा त्या परत गोळा केल्या.
गोळा करणाऱ्याचं मोजण्यात चुकलं.
एक राहिली.
बहिणीची.

भन्ते हसत नव्हते, रडत नव्हते.
एका बोटाने हवेत चौकोन काढला,
मच्छरदाणीएवढा,
आणि म्हणाले, ताई, एवढी.

त्या रात्री परत तेच. आता सतरा देश.
मी मथळ्यात 'मच्छरदाणी' टाईप केलं.
ढेंगे साहेब मागे कधी आले कळलं नाही.
म्हणाले, हे काय?
खोडलं.
'दबाव' लिहिलं. तीन अक्षरं, कुठेही बसतात.

दीडला खाली आले.
स्कुटीच्या मागच्या चाकावर अंगठा ठेवला,
सगळा जोर लावून दाबला.
मला काही कळलं नाही.
रबर दिवसभराच्या उन्हाने
अजून कोमट होतं.